कुर्ल्याच्या फियाटचं रेसिंग घराणं

68 आणि 75. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पहिला सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर. दुसरा पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल, म्हणजे स्ट्रोक. दोन्ही मिलिमीटरमध्ये. गणित केलं तर एका सिलिंडरचं आकारमान साधारण 272 घनसेंटिमीटर भरतं आणि चार सिलिंडरचं 1089. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं इंजिन नेमकं याच मापाचं होतं. आणि 1947 साली इटलीतल्या मिले मिलिया या महाभयंकर रस्ता-शर्यतीत ताझिओ नुव्होलारी नावाच्या अद्भुत ड्रायव्हरने ज्या गाडीतून जवळजवळ सगळ्यांना मागे टाकलं, त्या गाडीच्या इंजिनाचं मापही हेच: 68 गुणिले 75, 1089 सीसी.

हा योगायोग नाही. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत.

आमच्या भोपाळात, बाग सेवनियात एम्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता नव्या गाड्यांची दाटी असते. त्यात पद्मिनी दिसलीच, तर माणसं तिच्याकडे मायेने बघतात. कुणाला आजोबा आठवतात, कुणाला मुंबईच्या मामाकडची सुट्टी. शर्यत मात्र कुणाच्या मनात येत नाही. स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, सोफ्यासारखं सीट अशी ती घरातल्या मोठ्या माणसासारखी गाडी. तिच्या बॉनेटखाली मात्र असं लोखंड आहे, की त्याच्या भावंडांनी फेरारीला पहिली गाडी दिली, फान्जिओला युरोपातली पहिली ग्रां प्री दिली आणि अबार्थ या नावाला जन्म दिला. हे सगळं जिथे जिथे घडलं, तिथे तिथे क्रमाने जाऊ या.

तुरिनमधलं साधं इंजिन

1937 साली फियाटने 508 सी नावाची मध्यमवर्गीय गाडी काढली. तिचं इंजिन दांते जाकोसा या तरुण इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालं. टोपोलिनोपासून छोट्या फियाट 500 पर्यंत इटलीला चाकांवर आणणाऱ्या कितीतरी गाड्या याच माणसाने घडवल्या. 508 सी चं इंजिन फक्त 32 हॉर्सपॉवरचं होतं, पण त्याच्या रचनेत दूरदृष्टी होती. त्या काळच्या बहुतेक स्वस्त गाड्यांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. इथे ते वर, हेडमध्ये होते आणि ते हेड ॲल्युमिनियमचं होतं.

याने काय बदलतं? इंजिन हे मुळात हवा ओढून घेणारं आणि बाहेर टाकणारं यंत्र. पेट्रोल किती जाळता येईल हे हवा किती आत आली यावर ठरतं. व्हॉल्व्ह बाजूला असले की हवेला वळसा घालून आत यावं लागतं. वर असले की ती सरळ पिस्टनवर उतरते. जळण्याची जागाही आटोपशीर होते, म्हणून मिश्रण जास्त दाबता येतं. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, त्यामुळे दाब वाढवला तरी अवेळी भडका उडण्याचा धोका कमी राहतो. म्हणजे 32 हॉर्सपॉवर ही या इंजिनाची कुवत नव्हती. घरगुती गाडीसाठी त्याच्याकडून तेवढंच काम घेतलं होतं.

फियाटलाही हे ठाऊक होतं. लगेच 1938 मध्ये तिने 508 सी एमएम ही दुर्मीळ आवृत्ती काढली. इंजिन तेच, ताकद 42 हॉर्सपॉवर, आणि वर मागे निमुळती होत गेलेली बंद बॉडी. तेवढ्या ताकदीवर ती ताशी 140 किलोमीटर गाठायची. सुमारे तेवढ्याच हॉर्सपॉवरची आपली पद्मिनी तिथवर पोचत नसे. फरक हवेचा होता. वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो, म्हणून वरच्या वेगात इंजिनाइतकंच बॉडीच्या आकाराला मोल येतं.

दोन हेड आणि एक निनावी फेरारी

1939 मध्ये एन्झो फेरारी अल्फा रोमिओपासून वेगळा झाला. करारात अट होती की चार वर्षं त्याने स्वतःच्या नावाने शर्यतीची गाडी काढायची नाही. म्हणून 1940 च्या मिले मिलियात त्याने ज्या दोन गाड्या उतरवल्या, त्यांच्यावर फेरारी हे नाव नव्हतं. नाव होतं ऑटो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी 815. आठ सिलिंडर आणि दीड लिटर, म्हणून 815.

हाताशी वेळ कमी, पैसा कमी. मग आठ सिलिंडरचं इंजिन कुठून आणायचं? फेरारीच्या माणसांनी ॲल्युमिनियमचा एक लांब ब्लॉक ओतून घेतला आणि त्यावर फियाट 508 सी ची दोन हेडं एकापुढे एक बसवली. चाल 60 मिलिमीटरवर आणली, व्यास 63 केला. दोनपैकी एक गाडी चालवायला होता 21 वर्षांचा आल्बर्तो आस्कारी, जो पुढे फेरारीतूनच दोनदा जगज्जेता झाला. दोन्ही गाड्या आपल्या गटात आघाडीवर होत्या आणि दोन्ही शर्यत संपायच्या आत बंद पडल्या. तरी जगातल्या सर्वांत दिमाखदार रेसिंग कारखान्याची पहिली गाडी फियाटच्या घरगुती हेडांवर उभी होती, हे सत्य उरतंच.

सायकलच्या नळ्यांतून ग्रां प्री

युद्धाच्या शेवटच्या काळात तुरिनमध्ये पिएरो दुसिओ नावाच्या श्रीमंत उद्योजकाच्या डोक्यात एक कल्पना आली. तरुणपणी तो युव्हेंतसकडून फुटबॉल खेळला होता, नंतर त्याच क्लबचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्या कंपनीत सायकलीही बनत. युद्ध संपल्यावर शर्यती पुन्हा सुरू होतील, पण गाड्या घ्यायला पैसा कुणाकडे असणार? म्हणून स्वस्तातली, सगळ्यांना सारखी अशी एकआसनी रेसिंग कार बनवायची, असं त्याने ठरवलं. हे काम त्याने दिलं जाकोसालाच. ज्याने फियाटचं इंजिन घडवलं, त्याच्याच हातून आता त्याची रेसिंग गाडी घडणार होती.

जाकोसाने सायकलच्या फ्रेमसारख्या बारीक पोलादी नळ्या जोडून पिंजऱ्यासारखी चौकट केली. तिच्यात फियाटचं 1089 सीसी इंजिन ठेवलं, कॉम्प्रेशन वाढवलं, कार्ब्युरेटर मोठा केला. तेलाची टाकी वेगळी केली, म्हणजे जोरात वळण घेताना तेल एका बाजूला सरकून बेअरिंगं कोरडी पडणार नाहीत. ताकद साठ ते सत्तर हॉर्सपॉवरच्या दरम्यान आली. पण खरी जादू वजनात होती. सिसितालिया डी 46 ही गाडी चारशे किलोच्या आत भरायची.

आता हिशेब बघा. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास आणि ताकद सुमारे 40 हॉर्सपॉवर, म्हणजे टनामागे साधारण 45. डी 46 मध्ये टनामागे दीडशेच्या वर. इंजिनाचं माप तेच असताना वेग घेण्याची कुवत तिपटीहून जास्त. साधी गाडी आणि रेसिंग गाडी यांच्यातलं अंतर किती तरी वेळा इंजिनात नसतं, ते बाकीच्या लोखंडात असतं.

3 सप्टेंबर 1946 रोजी तुरिनच्या व्हालेंतिनो बागेत या गाड्यांची पहिली शर्यत झाली आणि ती स्वतः दुसिओने जिंकली. नुव्होलारीही त्याच शर्यतीत होता. धावता धावता त्याचं स्टिअरिंग खांबावरून निघून हातात आलं. तो थांबला नाही. सुटलेलं चाक एका हाताने पिटमधल्या माणसांना दाखवत आणि दुसऱ्या हाताने उघडा दांडा पकडून वळवत तो गाडी नेत राहिला.

पुढच्या जूनमध्ये मिले मिलिया. नुव्होलारी 54 वर्षांचा, श्वासाच्या आजाराने खंगलेला. त्याच्या हाती सिसितालियाची 1089 सीसीची उघडी दोनआसनी गाडी. समोर क्लेमेंते बिओंदेत्तीची अल्फा रोमिओ, 2.9 लिटरची, म्हणजे इंजिन अडीच पटीहून मोठं. तरीही शर्यतीच्या बऱ्याच भागात नुव्होलारी पुढे होता. मग कोसळणाऱ्या पावसात पाणी इग्निशनमध्ये शिरलं, गाडी थांबवून ते कोरडं करावं लागलं आणि बिओंदेत्ती निघून गेला. नुव्होलारी दुसरा आला. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरही सिसितालियाच होत्या.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये आमेदे गोर्दिनी हेच करत होता. फियाटच्या परवान्यावर बनणाऱ्या सिम्का गाड्यांचे भाग घेऊन तो रेसिंग कार बांधायचा. 1948 मध्ये रँसच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फान्जिओ युरोपात पहिल्यांदा उतरला, तो सिम्का-गोर्दिनीतून. पुढे तो पाचदा जगज्जेता झाला.

दरम्यान, कुर्ल्यात

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, 1951 मध्ये फियाटशी करार झाला आणि 1954 पासून तिथे फियाट 1100 बनू लागली. गोल पाठीमुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. मग सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली, 1964 मध्ये डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. बाहेरचा पत्रा बदलत गेला, नावं बदलत गेली. 68 आणि 75 मात्र तसेच राहिले.

इटलीत याच 1100 ची टीव्ही नावाची वेगवान बहीणही होती. तुरिस्मो व्हेलोचे, म्हणजे वेगवान प्रवासी. साध्या गाडीचे 36 हॉर्सपॉवर, तर हिचे जवळजवळ 50. ओळखायची खूण म्हणजे जाळीच्या मधोमध बसवलेला तिसरा दिवा.

आणि मग आला या इंजिनाचा शेवटचा मोठा डाव. इटलीचे काउंट जोव्हान्नी लुरानी यांनी फॉर्म्युला ज्युनिअर ही नवी शर्यत आखली. नियम सुंदर होता. गाडी एकआसनी, खरी रेसिंगची, पण इंजिनाचा ब्लॉक आणि हेड बाजारात मिळणाऱ्या साध्या गाडीचंच हवं. 1100 सीसीपर्यंतच्या इंजिनाला गाडीचं वजन किमान 400 किलो. मोदेनाच्या स्तांगुएल्लिनी कारखान्याने या नियमात फियाट 1100 चं इंजिन बसवलं आणि 1959 मध्ये मोनॅकोच्या रस्त्यांवरची ज्युनिअर शर्यत जिंकली. तुरिनमध्ये बनलेलं 1100 चं जे इंजिन मोनॅकोच्या बोगद्यातून ओरडत जात होतं, त्याचंच सख्खं भावंड त्याच वर्षी कुर्ल्यात जोडलं जात होतं आणि दादर-गिरगावच्या रस्त्यांवर टॅक्सीत धडधडत होतं.

पिस्टनच्या नजरेतून

या इंजिनाकडून असं काम करून घेणं किती कठीण होतं, हे पिस्टनकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पद्मिनीचं इंजिन मिनिटाला 4800 फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद द्यायचं. स्तांगुएल्लिनीच्या हातात तेच 7000 पर्यंत जायचं आणि 75 च्या पुढे हॉर्सपॉवर काढायचं. 7000 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 117 फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन 75 मिलिमीटर वर जातो, थांबतो, 75 मिलिमीटर खाली येतो, पुन्हा थांबतो. म्हणजे एका सेकंदात तो 233 वेळा पूर्ण थांबतो आणि तरीही त्याचा सरासरी वेग सेकंदाला 17.5 मीटर, ताशी 63 किलोमीटर भरतो. टोकाला पोचून उलट फिरताना त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून मोठा असतो. मूठभर वजनाचा तो ॲल्युमिनियमचा तुकडा त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला अर्ध्या टनाहून जास्त जोराने ओढत असतो. आणि हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 4800 वरून 7000 वर गेलात, की फेऱ्या दीडपटीच्याही आत वाढतात, ताण मात्र दुपटीच्या वर जातो.

म्हणून रेसिंगसाठी इंजिन तयार करणं म्हणजे नुसतं पेट्रोल जास्त ओतणं नव्हे. कनेक्टिंग रॉड घासून गुळगुळीत करायचे, कारण सूक्ष्म ओरखड्यातूनच तडा सुरू होतो. चारही पिस्टन आणि रॉड तोलून सारख्या वजनाचे करायचे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक करायच्या, नाहीतर वरच्या फेऱ्यांत व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. कॅमशाफ्ट असा घडवायचा की व्हॉल्व्ह जास्त उचलला जाईल आणि जास्त वेळ उघडा राहील. मग खालच्या फेऱ्यांत गाडी गचके देते, सिग्नलला रडते, पण वर गेल्यावर गाऊ लागते.

शेवटी या इंजिनाला हरवलं ते त्याच्या लांब चालीनेच. 1959 च्या शेवटी इंग्लंडमध्ये फोर्ड अँग्लिया नावाची आणखी एक साधी गाडी आली. तिच्या इंजिनाचा व्यास 81 मिलिमीटर आणि चाल अवघी 48.4. त्याच 7000 फेऱ्यांवर तिच्या पिस्टनचा सरासरी वेग फक्त 11.3 मीटर. जिथे फियाटची दमछाक होत होती, तिथे अँग्लियाला अजून भरपूर वाव होता. कॉसवर्थच्या कारागिरांनी हे इंजिन रेसिंगसाठी घडवलं आणि 1960 मध्ये लोटसच्या गाडीत बसून जिम क्लार्क नावाचा मुलगा जिंकू लागला. 1937 चं इंजिन तेवीस वर्षांनी मागे पडलं. ज्या लांब चालीने ते रेसमध्ये हरलं, तीच टॅक्सीला उपयोगी होती. खालच्या फेऱ्यांत मिळणारी समजूतदार ओढ गर्दीत गिअर न बदलता गाडी पुढे नेते.

नियमच जेव्हा दुर्मीळ गाड्या घडवतो

फॉर्म्युला ज्युनिअरने साध्या इंजिनाला रेसिंगच्या अंगात बसवलं. उलट दिशेचा नियमही आहे, त्याला होमोलोगेशन म्हणतात. शर्यतीत उतरवायची गाडी तुम्ही ठरावीक संख्येत बनवून लोकांनाही विकली पाहिजे, असा तो नियम. 1982 पासूनच्या ग्रुप बी या शर्यतीच्या वर्गासाठी 200 गाड्या पुरत, ग्रुप ए साठी 5000 लागत. बीएमडब्ल्यूची पहिली एम 3 आणि लान्चियाची डेल्टा इंटेग्राले अशाच जन्मल्या. बाहेरून चार दारांची किंवा डिकीची नेहमीची गाडी, आतून शर्यतीसाठी घडवलेली. जगभरचे शौकीन आज या गाड्यांच्या मागे लागतात, त्याचं कारण हेच.

तुरिनहून रांजणगावला

सिसितालियाचं पुढे काय झालं? दुसिओने पोर्शेच्या मंडळींकडून अतिशय महागडी ग्रां प्री गाडी बनवून घ्यायला काढली आणि कंपनी बुडाली. तिचा रेसिंग विभाग सांभाळणारा व्हिएन्नाचा कार्ल अबार्थ, जो इटलीत कार्लो झाला, त्याने 1949 मध्ये उरलेल्या गाड्या आणि सामान घेऊन स्वतःची कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. 10 एप्रिल 1950 रोजी नुव्होलारीने आयुष्यातली शेवटची शर्यत केली आणि आपल्या गटात पहिला आला, तो सिसितालिया-अबार्थमधून. पुढे अबार्थने छोट्या फियाट घेऊन त्यांना विंचवाची नांगी बसवण्याचा धंदाच मांडला आणि 1971 मध्ये फियाटने ती कंपनी विकत घेतली.

आता नकाशात अष्टविनायकातल्या महागणपतीचं रांजणगाव शोधा. तिथल्या कारखान्यात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो ऑक्टोबर 2015 मध्ये बाजारात आली. साध्या 1.2 पेट्रोल पुंटोला 68 हॉर्सपॉवर, हिला 145. इंजिन 1.4 लिटरचं, टर्बोवालं. वाया जाणाऱ्या धुराने फिरणारी छोटी पंखी हवा दाबून आत भरते, म्हणजे फेऱ्या न वाढवताही जास्त हवा मिळते. जाकोसाच्या काळात जे रॉड घासून मिळवावं लागायचं, ते इथे दाबाने मिळालं. चारही चाकांना डिस्क ब्रेक, गाडी जमिनीकडे झुकवलेली, शंभराचा वेग 8.8 सेकंदांत. किंमत दहा लाखांच्या आत. फार थोड्या विकल्या गेल्या आणि काही वर्षांत ती बंद झाली. कुर्ला आणि रांजणगाव या दोन मराठी गावांच्या नावांनी या घराण्याची दोन टोकं बांधली गेली, हे फारसं कुणी बोलून दाखवलं नाही.

कुर्ल्याची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ज्यांच्या अंगणात ती अजून उभी आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भंगारात देऊ नका. शंभर वर्षांच्या रेसिंगमधला एक मोठा अध्याय तुमच्या बॉनेटखाली आहे आणि तो अजून चालू करता येतो.

पिथमपूरची मुलं

हा वारसा फक्त जतन करण्यापुरता नाही. बाग सेवनियातून निघालं की इंदूरमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पिथमपूर लागतं. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. त्याची वळणं बाहेरच्या बाजूला इतकी उचललेली आहेत, की योग्य वेगात गाडी स्टिअरिंग न ओढताही वळते. 2007 पासून याच पिथमपुरात बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं स्वतः नळ्या वाकवून, वेल्डिंग करून एकआसनी गाडी बांधतात आणि चिखलाखड्यांतून पळवतात. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्या संघांना एकच छोटं इंजिन होतं. त्यात फेरफार करायची बंदी. जिंकायचं ते वजन कमी करून, चौकट नीट आखून, सस्पेंशन अचूक बसवून.

कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1988 च्या सुमारास मारुती 800 चं 796 सीसी इंजिन एकआसनी गाडीत बसवून फॉर्म्युला मारुती उभी केली. तिथून पुढे आलेला नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला. कृती तीच: रस्त्यावरचं साधं इंजिन, हलकी नळ्यांची चौकट आणि डोकं.

1945 मध्ये जाकोसापुढे जो प्रश्न होता, तोच पिथमपूरच्या धुळीत उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीपुढेही आहे: इंजिन ठरलेलं आहे, पैसा मोजका आहे, मग वेग कुठून आणायचा? जाकोसाला त्याचं उत्तर सायकलच्या नळ्यांत सापडलं. तिला कुठे सापडेल ते आज सांगता येणार नाही, पण ते शोधायला महागडी गाडी लागत नाही, हे पद्मिनीच्या इंजिनाने सिद्ध करून ठेवलं आहे.